परगावी मुक्काम आहे? आज गाणं कुठे आहे ते विचारा



फिरतीची नोकरी असलेला पेशंट समोर बसला की बीपी, शुगर, झोप हे नेहमीचे प्रश्न झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारतो. "परगावी असताना संध्याकाळी सात ते अकरा काय करता?" बहुतेक जण आधी हसतात. मग म्हणतात, "काय करणार डॉक्टर, रूमवर असतो." आणि जरा थांबून, बायको शेजारी नसेल तर, खरं काय ते सांगतात.

फिरतीवरच्या माणसाच्या दिवसातले हेच चार तास मला सगळ्यात धोक्याचे वाटतात. कामं संपलेली असतात, घर लांब असतं, ओळखीचं कोणी नसतं. लॉजची खोली, टीव्ही, खारे शेंगदाणे, तळलेलं काहीतरी आणि बाटली. त्यात नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही. हा मनाचा खेळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो, जणू पहारा करतो. मग माणूस झोपेसाठी म्हणून दोन पेग घेतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण दोन-अडीचला जाग येते आणि उरलेली रात्र तुकड्यातुकड्यांत जाते. सकाळी बीपी वर.

माझा एक पेशंट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ५२, पंपांचे सुटे भाग विकतो, महिन्यातले १५-१६ दिवस कधी मराठवाडा, कधी इंदूर, कधी हुबळी. तीन गोळ्या नियमित घेऊनही बीपी १५०/९६ च्या खाली येत नव्हतं. किडनी, थायरॉइड, सगळं तपासून झालं. शेवटी ते चार तास निघाले. फिरतीवर असताना रोज तीन-चार पेग आणि सोबत खारट. "दारू सोडा" हे मी त्यांना सांगितलंच, पण सोडून त्या वेळात करायचं काय, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. बोलता बोलता कळलं की तरुणपणी ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी म्हटलं, जिथे मुक्काम असेल तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी, जिथे कोणी समोर बसून गातंय-वाजवतंय तिथे जाऊन बसायचं. मोबाइलवरचं चालणार नाही.

"पण शोधायचं कुठे? त्या गावात मी कोणाला ओळखतो?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी स्वतः गेली २५-३० वर्षं परिषदांच्या निमित्ताने गावोगाव जातो आणि परिषदेतलं रात्रीचं जेवण चुकवून गाणं ऐकायला पळतो, त्यामुळे या बाबतीत थोडाफार अनुभव आहे.

पहिली गोष्ट, मोबाइल उघडाच, पण त्याच्यावर थांबू नका. तिकीट विकणाऱ्या ॲपवर मोठे कार्यक्रम दिसतात. सिनेगायक, विनोदाचे प्रयोग, हॉटेलांतले बँड. पन्नास माणसांची बैठक तिथे सहसा नसते, कारण तिला तिकीटच नसतं. तिचा पत्ता स्थानिक वर्तमानपत्रात असतो. लॉजवर सकाळी दाराखालून येणाऱ्या पेपरची शहर पुरवणी काढा आणि "आज शहरात" किंवा "आजचे कार्यक्रम" अशा नावाचं छोटं सदर शोधा. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, श्रद्धांजली सभा यांच्या मध्ये कुठेतरी एक ओळ सापडते: अमुक यांचे शास्त्रीय गायन, सायं. ६.३०, प्रवेश विनामूल्य. ही एक ओळ म्हणजे तुमची संध्याकाळ.

दुसरी जागा नाट्यगृह. महाराष्ट्रात जरा मोठं गाव असलं की नाट्यगृह असतंच. पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, नाशिकचं कालिदास ही नावं तुम्हाला माहीत आहेत. दाराजवळच्या फलकावर पुढच्या आठवड्याचे प्रयोग लिहिलेले असतात. फोन करण्यापेक्षा रिक्षा तिथून न्या आणि फलक वाचा. तिकीट खिडकीवरच्या माणसाला गावातल्या इतर हॉलमध्ये काय चाललंय तेही बहुधा ठाऊक असतं.

पण माझा सगळ्यात खात्रीचा मार्ग वेगळा आहे. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गाठा. तबल्याला पुडी चढवून घ्यायला कोण आलं होतं, पेटीचा भाता कोणाला उद्यापर्यंत हवा आहे, हे त्याला माहीत असतं, म्हणजे उद्या कुठे बैठक आहे हेही माहीत असतं. मिरजेला जाणाऱ्यांना हे सांगायलाच नको. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सतारमेकरांच्या दुकानांतली चौकशी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मिरज हे दवाखान्यांचंही गाव. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक आठ-आठ दिवस तिथे लॉजवर राहतात, आणि त्यांची अवस्था फिरतीवरच्या माणसापेक्षा वाईट असते. आयसीयूबाहेर दिवसभर बसलेल्या मुलाला मी सांगतो, रात्रीची पाळी भावाला दे आणि दोन तास कुठेतरी जाऊन ये. उरुसाच्या दिवसांत असाल तर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब तिथेच चिरविश्रांती घेत आहेत. मोठमोठे गवय्ये तिथे हजेरी लावतात, तिकीट नसतं.

दर्ग्यावरून आठवलं. ज्या शहरात तुम्हाला काहीच सापडत नाही तिथे देवाच्या दारी जा. मी हे भक्तीच्या अंगाने सांगत नाही. रोज, ठरलेल्या वेळी, शिकलेल्या माणसांनी केलेलं थेट संगीत जिथे हमखास मिळतं अशा जागा आपल्याकडे धार्मिकच आहेत. नांदेडला कामानिमित्त कितीतरी लोक जातात आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिबचं बाहेरूनच दर्शन घेऊन परततात. आत बसून शबद कीर्तन ऐका. पेटी, तबला आणि रागात बांधलेलं गाणं. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात पहाटेपासून रात्रीपर्यंत कीर्तन जवळजवळ अखंड चालतं. दिल्लीत गुरुवारी संध्याकाळी मुक्काम असेल तर निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात कव्वाली असते. आपल्याकडे रामनवमी, दत्तजयंती, नवरात्र या दिवसांत मंदिरांत नारदीय कीर्तन असतं. चांगला कीर्तनकार आणि चांगला पेटीवाला जमला तर दोन तास कसे जातात कळत नाही.

इथे डॉक्टर म्हणून एक सूचना. या सगळ्या ठिकाणी अनवाणी जावं लागतं. तुम्हाला मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर उन्हात तापलेल्या फरशीवर चटका बसतो आणि कळतही नाही. खोलीवर येऊन मोजा काढावा तेव्हा तळव्याला फोड दिसतो. असे पाय मी दर उन्हाळ्यात पाहतो. म्हणून ऊन उतरल्यावर जा, जिथे चालतात तिथे जाडसर मोजे घाला आणि परत आल्यावर तळवे आरशात बघा.

महाराष्ट्राबाहेर गेलात तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाची चौकशी करा. इंदूर, बडोदा, बंगळुरू, दिल्ली, कुठेही. इंदूरला सानंद न्यासाचे कार्यक्रम तर आपल्या इकडच्या कलाकारांनाही हवेहवेसे वाटतात. कॉलेजांच्या परिसरात स्पिक मॅकेचे कार्यक्रम होतात. १९७७ साली सुरू झालेली ही संस्था, पहिल्या फळीचे कलाकार विद्यार्थ्यांसमोर आणते, आणि प्रवेश मोफत असतो. पाहुण्यांना आत सोडतात का ते फाटकावर विचारून घ्या. आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ पासून चालू आहे. निमंत्रित श्रोत्यांसमोर होणाऱ्या या मैफली निरनिराळ्या शहरांत होतात, आणि केंद्रावर जाऊन चौकशी केली तर निमंत्रण मिळणं फारसं अवघड नसतं.

दौऱ्याच्या तारखा तुमच्या हातात असतील तर मग चैनच आहे. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरमध्ये (भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला), अहमदाबादचं सप्तक १ ते १३ जानेवारी, कोलकात्याची डोव्हर लेन परिषद जानेवारीत, बनारसचा संकटमोचन समारोह हनुमान जयंतीच्या सुमारास. शेवटचे दोन रात्रभर चालतात. मात्र शहरात उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक लावून असलेला कार्यक्रम बहुतेक दिवशी रात्री १० ला संपतो, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. रसिक हळहळतात. मला, झोपेच्या तक्रारी ऐकणाऱ्याला, त्यात फार वाईट वाटत नाही.

या सगळ्यांत एका शहराबद्दल मात्र सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. चेन्नई. तमिळ मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून साधारण महिनाभर, तिथे गाण्याचा जो हंगाम असतो तसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. म्युझिक ॲकॅडमी (स्थापना १९२८), नारद गान सभा, कृष्ण गान सभा, मैलापूर फाइन आर्ट्स, अशा कितीतरी सभांत एकाच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत कचेऱ्या. कचेरी म्हणजे तिकडे मैफल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तहसीलदार आठवला होता. शोधण्याचा प्रश्नच नाही, इंग्रजी पेपरात रोजची यादी येते. एक गोष्ट लक्षात ठेवा: दुपारी तरुण कलाकार गातात तेव्हा बऱ्याच सभांत तिकीट नसतं, संध्याकाळी नामवंत असतात तेव्हा असतं. मी दुपारच्या बाजूचा आहे. अर्धा हॉल रिकामा, पुढच्या रांगेत मांडीवर हाताने ताल धरणाऱ्या आजीबाई, आणि मंचावर वीस-बावीस वर्षांची मुलगी जीव ओतून गातेय. तुम्हाला कर्नाटक संगीत कळत नसलं तरी चालतं. शेजारच्या आजीबाईंना राग कुठला विचारलंत की त्या नाव सांगतात आणि जमलं तर तुमचं जेवण झालं का तेही विचारतात. शेवटच्या टप्प्यात पुष्कळदा एखादा मराठी अभंग येतो. तमिळ गळ्यातून आपले तुकोबा ऐकताना मराठी माणसाला जे होतं ते लिहून सांगता येणार नाही.

सभेच्या आवारात कँटीन असतं आणि गाणं न ऐकणारे लोकही तिथे केवळ जेवायला येतात. तुपातला पोंगल, डोसे, फिल्टर कॉफी. शुगर असलेल्यांनी पोंगल वाटून घ्यावा आणि कॉफीत साखर नको असं आधीच सांगावं, ती घालूनच येते.

आता मूळ प्रश्न. गाण्याला जाण्याने तब्येत सुधारते का? इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या ६७१० लोकांवर सुमारे १४ वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जे लोक दर काही महिन्यांनी तरी मैफल, नाटक, कलादालन अशा ठिकाणी जात होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळलं. आकडा मोठा आहे, म्हणूनच सावधपणे वाचा. जो मुळात धडधाकट आहे, ज्याच्याकडे पैसे आणि मित्र आहेत, तोच जास्त बाहेर पडतो. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजार, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला, तरी अशा अभ्यासातून "गाण्यामुळे आयुष्य वाढलं" असं सिद्ध होत नाही. आणि अमुक राग ऐका म्हणजे बीपी उतरेल असे जे संदेश तुम्हाला येतात ते वाचून गोळी बंद करू नका. एवढं नक्की म्हणता येतं की दीर्घकाळचा एकटेपणा हृदयविकार आणि पक्षाघात या दोन्हींच्या वाढलेल्या धोक्याशी जोडलेला आढळतो, आणि तीनशे अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी समेवर मान हलवणं हे खोलीत टीव्ही बघण्यासारखं नाही.

माझ्या त्या पेशंटचं बीपी सहा महिन्यांनी १३४/८४ झालं, गोळ्या त्याच. गाण्याने झालं असं मी म्हणणार नाही. साडेसहाला निघायचं, साडेनऊला परतायचं, जेवायचं, झोपायचं. बाटलीला वेळच उरला नाही, आणि पहिल्या महिन्यानंतर तिची आठवणही कमी झाली. एक इशारा इथे दिलाच पाहिजे: जे रोज भरपूर पितात त्यांनी एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, भास, आकडी असे प्रकार होऊ शकतात. आधी डॉक्टरांशी बोला.

कार्यक्रम कुठला आहे त्यावर थोडी काळजी घ्यावी लागते. बैठकीला कानाची चिंता नसते. बँड, पब, डीजे, ढोलताशा, यांत असते. ८५ डेसिबलच्या आवाजात कान साधारण ८ तास सहन करतो, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आपल्याकडे किती जण पाळतात ते तुम्हीच बघा. मोजायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. स्पीकरपासून लांब बसा, मध्येच दहा मिनिटं बाहेर या, औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते कानात घाला. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

रात्रभराच्या मैफलीला जाणाऱ्या मधुमेहींनी जेवण चुकवू नये. इन्सुलिन किंवा शुगर झपाट्याने उतरवणारी गोळी घेऊन उपाशी बसलात तर पहाटे घाम आणि चक्कर येते, आणि शेजाऱ्याला वाटतं तुम्ही भैरवीत रंगलात. हॉलमध्ये खाऊ नेऊ देत नाहीत, पण खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा चार लिमलेटच्या गोळ्या कोणी अडवत नाही. लघवीची गोळी आम्ही सहसा सकाळी देतो. तुमची दुपारची असेल तर वेळ बदलण्याबद्दल विचारून घ्या. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी कडेची खुर्ची मागावी, विलंबित ख्यालाच्या मध्यात दहा गुडघे ओलांडणं सगळ्यांनाच त्रासाचं. भारतीय बैठक असेल आणि गुडघे दुखत असतील तर मागे चार खुर्च्या नेहमी ठेवलेल्या असतात, लाजू नका.

राहता राहिलं एकट्याने जाण्याचं. स्त्रिया मला हे जास्त विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खरा आहे. परतीची सोय आधी ठरवा, लॉजवर सांगून निघा, आणि पहिल्यांदा तरी मध्यवस्तीतला, लवकर संपणारा कार्यक्रम निवडा. मंदिरातलं कीर्तन, सभेची दुपार, नाट्यगृहातला साडेपाचचा कार्यक्रम. पुरुषांना भीती नसते, संकोच असतो. त्यांना सांगतो, वीस मिनिटं आधी पोचा. तंबोरे लागत असतात, लोक जागा धरत असतात, शेजारी बसलेला माणूस "कुठून आलात?" असं आपणहून विचारतो. आणि "हाउसफुल्ल"ची पाटी दिसली तरी लगेच लॉजवर परतू नका. दाराशी दहा-पंधरा मिनिटं उभे राहा. कोणाचा तरी मित्र ऐनवेळी आलेला नसतो आणि त्याच्याकडे एक तिकीट जास्तीचं असतं.